मेडिकेडचे बिल आणि दुकानाचा ‘नेहमीचा दर’

प्रश्न: अमेरिकेत मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेला, बिल लावताना औषध दुकानाने आपला ‘नेहमीचा व रूढ दर’ कळवायचा असतो. साखळी दुकान रोख गिऱ्हाइकाला सवलतीत औषध देत असेल, तर सरकारला कोणता दर सांगायचा?

उत्तर १: वादाचे मूळ तेच आहे. एखाद्याला अपवाद म्हणून दिलेली सूट वेगळी. पण सवलत योजनेत जो कोणी नाव नोंदवेल त्याला कमी भाव मिळत असेल, तर फळ्यावरचा चढा दर ‘नेहमीचा’ कसा? केमार्ट या साखळी दुकानाच्या खटल्यात सातव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) २०१६ साली सर्वांसाठी खुला असलेला सवलतीचा दरच नेहमीचा मानला.

उत्तर २: पुढचा प्रश्न हेतूचा, म्हणजे दर खोटा आहे हे कंपनीला माहीत होते का. सुपरव्हॅल्यू या दुसऱ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एकमताने सांगितले की, बिल लावताना कंपनीला स्वतःला काय ठाऊक होते हे पाहायचे. वकिलांनी मागाहून शोधलेला सोयीचा अर्थ ढाल होऊ शकत नाही. त्यामुळे जुन्या अंतर्गत ईमेलना, माझ्या मते, साक्षीदाराइतके वजन येते.

प्रश्नकर्ता: आणि दोष सिद्ध झाला तर?

उत्तर २: १८६३ सालच्या खोट्या दाव्यांविरुद्धच्या कायद्यानुसार नुकसानीच्या तिप्पट रक्कम, शिवाय प्रत्येक खोट्या दाव्यामागे स्वतंत्र दंड. साखळी दुकानांच्या बाबतीत हा दंडच अधिक जाचक ठरू शकतो, कारण तिथे डॉक्टरची प्रत्येक चिठ्ठी हा एक दावा असतो.