'पीपली लाइव्ह'मध्ये नत्था आहे कुठे?

निंबोणी:
२०१० साली समीक्षकांनी 'पीपली लाइव्ह' हा हिंदी सिनेमा डोक्यावर घेतला, भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. परवा पुन्हा पाहिला आणि खटकला. जमीन लिलावात जाणार, आत्महत्या केली तर सरकारी मदत मिळेल म्हणून भाऊच शेतकरी नत्थाला पुढे करतो, की लगेच वाहिन्यांच्या गाड्या गावात हजर. वाहिन्यांची खिल्ली झकास आहे. नत्थाच्या विष्ठेवरून त्याची मनःस्थिती सांगणारा तो पत्रकार तर आजही भेटतो. पण नत्था स्वतः किती बोलतो? कॅमेरे त्याला वापरतात, आणि दिग्दर्शिका अनुषा रिझवीही.

फुटकळ प्रेक्षक:
अहो, त्याला कुणी विचारतच नाही, तर बोलणार काय! आणि होरी महतो विसरलात? माती खणून विकणारा. तो त्याच खड्ड्यात मरतो, तेव्हा अख्खी माध्यमं गावात तळ ठोकून आहेत, पण त्याची बातमी होत नाही. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरीचं नाव त्याला उगाच दिलेलं नाही.

निंबोणी:
होरीला पडद्यावर मिनिटं किती मिळतात, तेही सांगा.

वऱ्हाडी माणूस:
तुम्ही दोघं समीक्षकांच्याच अंगणात भांडताय. सिनेमा लागला तेव्हा विदर्भात शेतकऱ्यांच्या संघटनेने बंदीची मागणी केली होती. शेतकरी पैशासाठी मरतो असं चित्र उभं राहतं, हा राग होता. "यांना विनोद कळत नाही" म्हणून तो उडवला गेला. विनोद कळतो हो. पण ज्या घरात असं झालंय, तिथल्या बाईला लोक आधीच तोंडावर म्हणतात, लाख रुपये मिळाले ना तुला.

तरी शेवटाला माझी दाद. स्फोटात नत्था गेला असं सगळे समजतात, पण मृत्यू अपघाती, म्हणून मदत नाही! कुणाला हे ओढूनताणून वाटत असेल तर तहसीलमध्ये जाऊन बसावं. सातबारा बापाच्या नावावर, कर्ज सावकाराचं: प्रकरण अपात्र. मी वाचलेल्या परीक्षणांत वाहिन्यांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते, यावर ओळ नव्हती.

अर्धा कप:
सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) बघा. नवरा जिवाचं काही करून घेईल या धास्तीने बायको पोराला त्याच्या मागावर ठेवते. हसू येतं आणि घशात अडकतं. वाहिनी एकही नाही.

फुटकळ प्रेक्षक:
तो घरातला सिनेमा, हा जत्रेचा. मदत म्हणून नत्थाला 'लाल बहादूर' हातपंप मिळतो आणि बसवायचं कुणाच्या मनातही येत नाही. 'पीपली'चा विषय शेतकरी नाहीच मुळी.

निंबोणी:
मग १९९१ ते २००१ या काळात ८० लाख लोकांनी शेती सोडली, ही पाटी शेवटी कशाला?

फुटकळ प्रेक्षक:
कारण नत्थाही त्यांच्यातलाच. गुरगावच्या बांधकामावर दिसतो ना.

निंबोणी:
तेच म्हणतेय. तिथला नत्था मला बघायचा होता, आणि नेमका तिथेच सिनेमा संपवलाय.