पार्किंगमधील फुटबॉलबंदी : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा (विश्रामबाग, सांगली)

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूने एका चारचाकीचा आरसा फुटल्यामुळे, आवारात फुटबॉल खेळण्यास मनाई करणारा फलक लावावा, असा लेखी अर्ज समितीकडे आला आहे. रविवारच्या सभेपूर्वी सर्वांनी आपले मत येथे मांडावे. चर्चा फुटबॉलपुरतीच ठेवावी, पाण्याच्या टँकरचा विषय पुन्हा आणू नये, ही विनंती.

अ-३०१ : सचिव महोदय, या अर्जाला सातशे वर्षांची परंपरा आहे. लंडनच्या महापौरांनी १३१४ मध्ये राजाच्या नावाने हुकूम काढून, मोठ्या चेंडूमागे धावणाऱ्यांच्या गोंगाटाला कंटाळून, शहरात हा खेळ खेळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची धमकी दिली होती. स्कॉटलंडच्या संसदेने १४२४ मध्ये चार पेन्स दंडाचा कायदाच केला. पुढे याच इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १८७२ साली ग्लासगो येथे पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. (तो गोलशून्य बरोबरीत सुटला, हे जाता जाता सांगतो.) तेव्हा फलक अवश्य लावावा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

ब-१०२ : सर, इतिहास मान्य आहे, परंतु लंडनच्या महापौरांच्या दारात गाडी उभी नव्हती आणि तिच्या आरशाचे बिल त्यांना भरावे लागले नव्हते. माझा मुलांना विरोध नाही. गावात शिवाजी स्टेडियम असताना पार्किंगमध्येच खेळण्याचा हट्ट कशासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

क-२०४ : दादा, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना संध्याकाळच्या रहदारीत सांगली-मिरज रस्त्याने स्टेडियमपर्यंत कोण सोडणार आणि कोण आणणार? माझे माहेर कोल्हापूरचे. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा गॅलरीत जाऊन बसतात. तालमी मूळच्या कुस्तीच्या, पण त्यांच्या नावाचा अभिमान फुटबॉलने घरोघरी नेला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्या अभिमानापायी गॅलरीत हुल्लडबाजीही होते, हे मी नाकारत नाही. पण खेळाडू घडतात ते आधी घराजवळच्या बोळात, स्टेडियम पुढचे.

ड-४०२ : वहिनींच्या म्हणण्याला जोड देतो. जागा अपुरी असेल तर खेळ बंद करण्याऐवजी खेळच जागेच्या मापाचा करता येतो, आणि जगात हे एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. उरुग्वेने १९३० मध्ये पहिला विश्वचषक आपल्याच देशात जिंकला, तेव्हा मॉन्टेव्हिडिओतील मुलांना फुटबॉलने वेड लावले होते, पण पुरेशी मैदाने नव्हती. त्याच वर्षी तेथील वायएमसीए या युवक संस्थेतील क्रीडाशिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटरपोलो यांच्या नियमांतून उचलाउचल करून, बंदिस्त जागेत प्रत्येकी पाच खेळाडूंनी खेळायचा एक प्रकार बसवला. त्यालाच आज फुटसाल म्हणतात. त्याचे प्रमाण मैदान साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. मुलांना याहून लहान जागाही पुरते. मेस्सी, रोनाल्डिन्हो आणि नेमार हे तिघेही लहानपणी फुटसाल खेळले आहेत. अंगावर येणाऱ्या खेळाडूला हातभर जागेत चकवण्याची त्यांची हातोटी त्या अरुंद जागेने शिकवली, असे माझे मत आहे.

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट म्हणजे त्याचा चेंडू. तो आकाराने लहान असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा बनवलेला असतो : दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटिमीटरच वर यावा, असा नियम आहे. म्हणजे तो बहुतेक वेळ जमिनीलगतच राहतो.

ब-१०२ : लहान म्हणजे हलका नव्हे ना? जमिनीलगत येऊन तो दाराला पोचा पाडणार असेल, तर आरसा वाचल्याचे समाधान मी कसे मानावे?

ड-४०२ : रास्त शंका आहे, काका. वजन ४०० ते ४४० ग्रॅम असते, म्हणजे नेहमीच्या चेंडूइतकेच. त्यामुळे गाड्यांच्या बाजूला जाळी लागेलच, मात्र ती कमरेइतकी पुरावी.

ब-३०३ : आरशाबरोबर आवाजाचीही तक्रार अर्जात आहे, म्हणून वकील या नात्याने एक दाखला देते. जर्मनीने २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, पाळणाघरे, मुलांची क्रीडांगणे आणि चेंडू खेळण्याच्या जागा येथील मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे घातक मानू नये, असे ठरवले. तो कायदा आपल्याला लागू नाही, आणि तेथेही तो खासगी पार्किंगसाठी नाही. तरीही मुलांचा गलका आणि लाउडस्पीकरचा गोंगाट यांत फरक करावा, हे तत्त्व आपल्या उपविधींच्या चर्चेत घेता येईल.

अ-३०१ : जागेचा प्रश्न निघालाच आहे, तर थायलंडमधील को पानयी या गावाचे उदाहरण पाहावे. हे कोळ्यांचे गाव समुद्रात खांबांवर उभे असून तेथे खेळायला जमीनच नव्हती. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शन संचावर पाहून तेथील मुलांनी जुने तराफे आणि टाकाऊ फळ्या जोडून पाण्यावर तरंगणारे मैदान बांधले. चेंडू वरचेवर पाण्यात पडे आणि फळ्या ओल्या राहत. त्या निसरड्यावर ती मुले चेंडू ताब्यात ठेवायला शिकली.

क-२०४ : सर, मुले उद्या पाण्याच्या टाकीवर मैदान मागतील, हे उदाहरण कृपया त्यांना सांगू नये.

सचिव : जाळीचा खर्च देखभाल निधीतून करण्यास काही सभासदांची हरकत येईल, हे लक्षात घ्यावे.

ड-४०२ : मग श्रमदान करू. बर्लिनच्या युनियन या क्लबकडे पैसा नव्हता, तेव्हा २००८-०९ मध्ये त्याच्या दोन हजारांहून अधिक पाठीराख्यांनी स्वतः राबून स्टेडियमची पुनर्बांधणी केली. आपल्याला लोखंडी पाइप रोवून फक्त जाळी ताणायची आहे.

ब-१०२ : माझ्या आरशाचा खर्च मुलांच्या पालकांनी वाटून घ्यावा आणि दुपारी दोन ते चार खेळ पूर्ण बंद राहावा. या दोन गोष्टी इतिवृत्तात येणार असतील, तर मी अर्ज मागे घेतो. पाइप माझ्याकडे पडून आहेत, ते वापरावेत.

सचिव : दोन्ही गोष्टी रविवारच्या विषयपत्रिकेत घेतल्या आहेत. मोजपट्टी घेऊन शनिवारी सायंकाळी पार्किंगची मापे कोण घेणार, त्यांनी कृपया येथे कळवावे.