मदत हवी आहे: गोव्यातल्या पावसाळ्यात मुधोळ कुत्रीला धावायला कसे मिळवून द्यावे?

नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातील, खाजन (खाडीलगतच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) शेतीच्या काठी वसलेल्या एका गावात राहते. या उन्हाळ्यापासून आमच्या घरी बिजली नावाची तीन वर्षांची मुधोळ, म्हणजे नजरेने शिकार हेरून धावणाऱ्या सडपातळ देशी जातीची, कुत्री आहे. ती जत तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांकडे वाढली. मामांना आता फारसे चालवत नाही आणि त्यांची मुले पुण्यात स्थायिक झाली आहेत, म्हणून त्यांनी तिला विश्वासाने आमच्या हवाली केले. जतच्या उघड्या माळावर नजर पोहोचेल तिथपर्यंत धावणारी ही कुत्री आता माड-पोफळींच्या भाटात (बागायतीत), कमरेइतक्या चिऱ्यांच्या गडग्याआड (कुंपणाच्या भिंतीआड) राहते आहे. तिला इथे सुखाने राहता यावे, यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

घरात तिचा काहीही त्रास नाही. दिवसाचा बहुतेक वेळ ती झोपून असते, विनाकारण भुंकत नाही, आणि सासूबाईंच्या पायांशी बसून त्या वाती वळत असताना तासन्‌तास हलतही नाही. अनोळखी माणसाने अंगावर हात ठेवलेला तिला आवडत नाही. ती निमूटपणे बाजूला होते. भाटाबाहेर मात्र दोनशे फुटांवर काही हलले की तिची मान उंचावते, कान मागे जातात आणि पुढच्याच क्षणी ती निघालेली असते. मग हाक, शिट्टी, मांसाचा तुकडा यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. शेजारच्या काकींची एक गावठी कोंबडी तिने अशीच मारली. काकींना आम्ही भरपाई दिली आणि त्यांनी मोठ्या मनाने विषय तिथेच संपवला. परंतु गावाच्या वरच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) मोर फार आहेत, भाटात घोरपडही दिसते, आणि हे दोन्ही प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कायद्याचा धाक नसता तरीही आमच्या कुत्रीने मोर मारलेला मला सहन झाला नसता.

माझी मुख्य अडचण जागेची आहे. एप्रिलमध्ये वायंगणी (उन्हाळी भात) पिकाची कापणी झाल्यावर खाजन मोकळे होते आणि पहाटे तिथे कुणी नसे, त्यामुळे तेव्हा फारसे अडले नाही. आता सगळीकडे भात उभे आहे, बांध निसरडे आहेत, आणि सड्यावर गवत गुडघाभर वाढल्यामुळे त्याखालचा जांभा दगड दिसत नाही. तिची कातडी इतकी पातळ आहे की गडग्याच्या चिऱ्याला नुसते घासून मांडीवर बोटभर चीर पडली आणि टाके घालावे लागले. दसऱ्याच्या आसपास भातकापणी होईपर्यंत तिला दोरीने चालवत ठेवणे पुरेसे आहे का? नसेल तर इतर काय करता येईल?

दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे. गावात मोकाट कुत्री बरीच आहेत आणि आम्हाला पिल्ले नको आहेत, म्हणून तिची नसबंदी करून घ्यायची आहे. या शरीरयष्टीच्या कुत्र्यांना भूल देताना विशेष काळजी घ्यावी लागते असे वाचले आहे. डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे कुणी सांगितले तर मी नीट तयारीने जाईन.

तिला दिवसभर साखळीने बांधून ठेवावे, हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. तो मला मान्य नाही, कारण धावण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या प्राण्याला कायमचे बांधणे ही मला क्रूरता वाटते. तिच्या फासळ्या दिसतात म्हणून तिला पोटभर घालत नसल्याचा आरोपही ऐकून झाला आहे. अशा वेळी 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांतल्या मुधोळचे चित्र मी फोनवर दाखवते आणि बांधा मुळातच असा असतो हे समजावून सांगते.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. मी सांगली जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून कारवानी आहेत; आमच्या भागात याच कुत्र्याला हे नाव आहे. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या सलुकीसारख्या वेगवान शिकारी कुत्र्यांपासून ही जात दख्खनमध्ये घडली असे मानतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची निगुतीने पैदास केली, म्हणून मुधोळचे नाव तिला चिकटले. हे सांगण्याचे कारण असे की मेंढ्या वळणारा कुत्रा पदोपदी मालकाकडे बघतो, पण हा कुत्रा शिकार दिसल्यावर स्वतःच निर्णय घेण्यासाठी घडवलेला आहे. बिजली तुमची आज्ञा मोडत नाही. धाव सुरू झाल्यावर तिला तुमचा आवाज जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून जे काही शिकवायचे ते धाव सुरू होण्याआधीच्या क्षणासाठी शिकवा. मान उंचावली आणि अंग ताठ झाले की त्याच वेळी एक ठरलेली शिट्टी वाजवायची आणि ती वळली की लगेच मांस द्यायचे. सुरुवात घरात करा, मग भाटात, आणि समोर काही हलत असताना सर्वांत शेवटी. रागावू नका आणि मारू तर नकाच. ही कुत्री मनाने फार हळवी असतात. एकदा विश्वास उडाला की जवळ यायचीच बंद होतात.

धावण्याबद्दल म्हणाल, तर त्यांना तासभर पळायचे नसते. पूर्ण वेगाच्या दोन-तीन धावा आणि सकाळ-संध्याकाळ दोरीने लांब फेरी, एवढ्यावर निरोगी कुत्री समाधानी राहते. पावसाळ्यात आम्ही वेळूच्या काठीला दोरी बांधतो, दोरीच्या टोकाला कातड्याचा तुकडा लावतो आणि तो जमिनीलगत फिरवतो. शेवटी तो तुकडा तिला पकडू द्यावा, नाहीतर मन भरत नाही. पाच-सात मिनिटांतच ती दमते. भाटात याला जागा सहज मिळेल, फक्त तेवढ्या भागातले दगड वेचून घ्या आणि ओल्या चिखलावर खेळवू नका.

साधा गळपट्टा वापरू नका. यांची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे मागे ओढ घेतली की पट्टा डोक्यावरून निसटतो. रुंद मार्टिंगेल पट्टा (ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) घ्या. लांब दोरी वापरायची असेल तर ती छातीच्या हार्नेसलाच बांधा, कारण पूर्ण वेगात दोरीचे टोक आले तर मानेला गंभीर इजा होते. कोंबड्यांच्या बाबतीत तिच्या शांतपणावर कधीही विसंबू नका. घरातल्या मांजराशेजारी झोपणारी कारवानी अंगणात पळणाऱ्या मांजराला ओळखत नाही. बाहेर नेताना जाळीचे मुसके घाला. त्यातून तिला धाप टाकता येते आणि पाणीही पिता येते.

प्रतिसाद २

मी गोव्यातच पशुवैद्यक म्हणून काम करते. भुलेबद्दलची तुमची काळजी योग्य आहे. या कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदी कमी असते, आणि याच धाटणीच्या ग्रेहाउंड या विदेशी जातीवरील अभ्यासांत असे आढळले आहे की थायोपेंटोनसारख्या भुलेच्या औषधांचा निचरा त्यांचे यकृत फार हळू करते, त्यामुळे शुद्धीवर यायला धोकादायक उशीर होतो. अभ्यास ग्रेहाउंडवर झाले असले तरी मुधोळच्या बाबतीत तीच खबरदारी घेणे शहाणपणाचे आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की थायोपेंटोन टाळून प्रोपोफॉल हे भुलेचे इंजेक्शन आणि पुढे आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू वापरता येईल का, त्याच दिवशी वजन केले जाईल का, आणि शस्त्रक्रियेत व नंतर अंग उबदार ठेवण्याची सोय काय आहे. ही कुत्री भुलेखाली लवकर गार पडतात.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ती पूर्ण निरोगी असताना रक्ततपासणी करून तो अहवाल जपून ठेवा. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांत तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त असते, तर प्लेटलेट आणि थायरॉईडचे आकडे इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात. आपल्याकडे गोचीडताप सर्रास आढळतो आणि त्यात प्लेटलेट घटतात, म्हणून कमी आकडा दिसला की पहिला संशय तिकडेच जातो. तिचा नेहमीचा आकडा हाताशी असला तर अनावश्यक औषधे टळतात आणि खरा ताप वेळीच ओळखता येतो. गोचिडांचे औषध पावसाळ्यातही बंद करू नका. भाताच्या साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दर वर्षी द्यावी लागते, रेबीजची तर द्याच.

दमट हवेत धाप टाकूनही अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे पाऊस उघडल्यावरच्या उकाड्यात दुपारी तिला मुळीच पळवू नका. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोकाही असतो. जेवण दोन वेळांत विभागून द्या आणि धावणे व जेवण यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. झोपायला जाड गादी द्या, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात.

प्रतिसाद ३

डिचोलीहून लिहितो आहे. आमच्या गावातल्या फुटबॉल मैदानाला चारही बाजूंनी उंच कुंपण आहे. पंचायतीला लेखी विनंती केल्यावर, खेळाडू येण्याआधी पहाटे कुत्रा मोकळा सोडायला परवानगी मिळाली. तुमच्या आसपास असे मैदान किंवा शाळेचे पटांगण असेल तर अवश्य विचारा. मात्र सोडण्यापूर्वी फुटक्या बाटल्या आणि पावसाने पडलेले खड्डे पाहण्यासाठी एकदा सगळे मैदान चालून या.

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वेळूची काठी आजच तयार केली. बिजलीने तो कातड्याचा तुकडा पकडला आणि सोडायलाच तयार नव्हती. रक्ततपासणी या आठवड्यात करून घेऊ. पंचायतीला अर्ज लिहिला आहे आणि काकींच्या कोंबड्यांसाठी जाळीचा खुराडा आमच्या खर्चाने बांधून देण्याचे ठरले आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी पाहुणे असतील आणि वाड्यावर फटाके वाजतील; दार उघडे राहिले आणि ती घाबरून गडग्यावरून उडी मारून निघून गेली, तर तिच्या वेगाला कुणी गाठू शकणार नाही. आतल्या खोलीत कुणीतरी सोबत बसण्याव्यतिरिक्त आपण काय करता? आणि फोंडा किंवा पणजी परिसरात वायूची भूल उपलब्ध असलेला दवाखाना ठाऊक असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.