कॉन्टाडोर आणि श्लेक, २०१०: चेनचा वाद मोठा की उत्तेजकाचा?

घाटवेडा:
२०१०च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीच्या पंधराव्या टप्प्यात, पोर्त द बालेसच्या चढावर, पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या अँडी श्लेकच्या सायकलची चेन पडली आणि अल्बेर्तो कॉन्टाडोर त्याला मागे टाकून निघून गेला. त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले आणि पॅरिसमध्ये तो नेमका ३९ सेकंदांनीच जिंकला. म्हणजे हे विजेतेपद त्याला चेनमुळेच मिळाले, असे म्हणता येईल का?

फ्रीव्हील:
हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. अग्रस्थानावरच्या स्वाराची सायकल बिघडल्यास त्याचा फायदा घेऊ नये, हा संकेत आहे, नियम नव्हे. शिवाय वेग वाढवून हल्ला आधी श्लेकनेच चढवला होता. एकूण वेळेत ३१ सेकंदांनी मागे असलेला कॉन्टाडोर त्या टप्प्याअखेर ८ सेकंदांनी पुढे गेला, त्यामुळे नंतरच्या तूरमाले घाटाच्या टप्प्यात त्याला श्लेकच्या चाकामागे राहणे पुरेसे होते आणि टप्पा त्याने श्लेकला जिंकू दिला. उरलेले ३१ सेकंद शेवटच्या टाइम ट्रायलमधले (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आहेत. तो पिछाडीवर असता, तर तूरमालेची शर्यतच वेगळी झाली असती. चेनच्या प्रसंगानंतर प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर कॉन्टाडोरने त्याच रात्री चित्रफितीतून माफी मागितली, हेही खरे.

आडवाट:
मला त्याच टूरमधले कॉन्टाडोरचे उत्तेजकाचे प्रकरण अधिक अस्वस्थ करते. पो येथील विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल (काही ठिकाणी गुरांनाही दिले जाणारे, खेळाडूंना बंदी असलेले द्रव्य) सापडले ते मिलिलिटरमागे अवघे ५० पिकोग्रॅम. पण त्या द्रव्याला किमान मर्यादाच नसल्याने प्रमाण कितीही अल्प असले, तरी ते शरीरात कसे आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी खेळाडूवरच होती. स्पेनमधल्या इरूनहून आणलेल्या गोमांसातून ते आले, हे त्याचे स्पष्टीकरण स्पॅनिश सायकलिंग महासंघाने मान्य करून त्याला निर्दोष ठरवले (घरचा खेळाडू, घरचेच पंच!), मात्र फेब्रुवारी २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळले. दूषित पूरक आहाराची शक्यता अधिक असल्याचे लवादाने म्हटले, तरी दोन वर्षांची बंदी घातलीच आणि २०१०ची टूर व २०११ची जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) ही दोन्ही विजेतेपदे काढून घेतली.

घाटवेडा:
म्हणजे हेतुपुरस्सर सेवन सिद्ध न होताही शिक्षा झाली?

आडवाट:
होय, आणि त्या नियमांनुसार ती योग्यच होती. मात्र २०१९पासून मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपेक्षा (म्हणजे ५,००० पिकोग्रॅमपेक्षा) कमी क्लेनब्युटेरॉल आढळल्यास दूषित मांसाची शक्यता आधी तपासण्याची मुभा देण्यात आली. कॉन्टाडोरच्या नमुन्यातील प्रमाण त्याच्या शंभराव्या भागाइतके होते.