चांद्रवस्तीत शेती पहिल्या दिवसापासून हवी की पंधरा वर्षांनी?

हिशेबनीस (धागाकर्ता)

चांद्रवस्तीच्या आराखड्यांत ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द फार सैल वापरला जातो. हवा, पाणी, अन्न आणि सुटे भाग हे चार वेगळे हिशेब आहेत. पहिले दोन लवकर जमतील. चौथा आपल्या हयातीत जमणार नाही. भांडण तिसऱ्याचं आहे.

माझं मत: दक्षिण ध्रुवावर, शॅकल्टन विवराजवळच्या उंच धारेवर चार माणसांची वस्ती धरा. पहिली पंधरा वर्षं तिथे पोटापुरती शेती करू नये. पाचेक चौरस मीटर पालेभाजी ठीक. साठवलेल्या अन्नात क आणि ब-१ जीवनसत्त्व सगळ्यात आधी घटतं, तेवढ्यासाठी ती हवी. बाकी डबाबंद.

आकडे बघा. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाण्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाने जवळपास सोडवलाय, २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. अन्न कोरडं मोजलं तर माणशी दिवसाला ६०० ग्रॅमच्या आसपास, वेष्टन आणि ओलावा धरून १.८ किलो. चार माणसांचं वर्षाचं झालं २.६ टन.

आता तेच अन्न पिकवायचं तर माणशी ४० चौ.मी. धरा, म्हणजे एकूण १६०. गव्हाला बरा उतारा हवा तर १००० मायक्रोमोल प्रकाश (दर चौ.मी.वर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) १६ तास द्यावा लागतो. चांगले एलईडी एका ज्यूलमागे ३ मायक्रोमोल देतात, म्हणून दर चौ.मी.ला ३३३ वॉट. दिवसभराची सरासरी काढली तर माणशी ९ किलोवॉट, चौघांचे ३६. नासाने २०२२ मध्ये ज्या अणुभट्टीचे आराखडे मागवले ती ४० किलोवॉटची होती. म्हणजे अख्खी भट्टी दिव्यांनाच वाहायची आणि माणसांनी अंधारात जेवायचं.

शिवाय ही वीज शेवटी उष्णता होते. निर्वातात ती फक्त किरणोत्सर्जनाने बाहेर जाते. १७ अंश सेल्सिअसचं उभं रेडिएटर पान दोन्ही बाजूंनी मोकळं असलं तर चौ.मी.ला ७०० वॉटच्या आसपास टाकतं. म्हणजे दिव्यांसाठीच किमान ५० चौ.मी. आणि तेही धूळ बसली नाही तर.

वाफसा

असहमत. हिशेब बरोबर आहे, पण शेतीच्या खात्यात फक्त खर्च मांडलाय. जमेची बाजू कुठे आहे?

जे पीक माणसाचं पूर्ण पोट भरतं, ते त्याचा सगळा कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि त्याला लागणारा ऑक्सिजन सोडतं. पानांतून बाष्प होऊन निघालेलं पाणी थंड कॉइलवर धरलं की जवळपास पिण्याजोगं असतं. अवकाश स्थानकावर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पाणी करणारं यंत्र आहे, पण त्यातला मिथेन बाहेर सोडावा लागतो. त्याबरोबर हायड्रोजन जातो, म्हणून अर्धाच ऑक्सिजन परत मिळतो. झाडं हायड्रोजन फेकून देत नाहीत.

दुसरं, शेती ही काही बटण दाबून सुरू करायची गोष्ट नाही. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या हवाबंद काचघरात आठ माणसं सप्टेंबर १९९१ मध्ये आत गेली आणि सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून १४ टक्क्यांच्या जवळ आला. शेवटी बाहेरून भरावा लागला. झाडं कमी पडली असं लोक सांगतात. खरी मेख अशी की माती सेंद्रिय खताने ठासून भरलेली होती. जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड उघड्या काँक्रीटने शोषून त्याची चुनखडी केली. झाडांना तो परत मिळालाच नाही. अशी चूक चार माणसांच्या वस्तीत पहिल्या वर्षी सापडलेली बरी, की चाळीस माणसांच्या वस्तीत सोळाव्या वर्षी?

उलट उदाहरणंही आहेत. रशियातल्या क्रास्नोयार्स्कच्या बायोस-३ या तशाच बंद वस्तीत, अवघ्या ३१५ घनमीटरमध्ये, १९७२-७३ साली १८० दिवसांचा प्रयोग झाला. बीजिंगच्या ‘युएगोंग-१’ या बंद प्रयोगशाळेत पाळीपाळीने माणसं ३७० दिवस राहिली, २०१८ मध्ये प्रयोग संपला.

हिशेबनीस

@वाफसा, ‘पूर्ण पोट भरतं’ ही अट पुन्हा वाचा. गव्हाचं निम्म्याहून जास्त वजन पेंढा, काड आणि मुळं. ते तुम्ही खात नाही. जाळलं तर मिळालेला ऑक्सिजन त्यातच परत जातो आणि हिशेब जेमतेम जुळतो. न जाळता रचून ठेवलं तर ऑक्सिजन वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड संपतो, पिकं उपाशी. म्हणजे पेंढा जाळायची किंवा कुजवायची टाकी आली, तिचा धूर गाळणं आलं, राखेतून पोटॅश परत काढणं आलं. हे सगळं चार माणसांनी चालवायचं.

अंधाराचंही बघा. ध्रुवावरच्या उंच धारेवरसुद्धा हिवाळ्यात सलग काही दिवस सूर्य डोंगराआड असतो. सौरऊर्जेवर शेती चालवायची तर १०० तासांसाठी ३६ किलोवॉट म्हणजे ३६०० किलोवॉट-तास. किलोमागे २०० वॉट-तास धरले तर १८ टन बॅटऱ्या. तेवढ्यात चौघांचं जवळपास सात वर्षांचं जेवण येतं!

वाफसा

१८ टन तेव्हाच, जेव्हा अंधारातही पूर्ण उजेड द्यायचा हट्ट असेल. तसं कोण करतं? तापमान ४-५ अंशांवर आणलं की झाडाचं श्वसन मंदावतं, थोड्या दिव्यावर चार दिवस निघतात. कोवळ्या गव्हाला फारसं काही होत नाही. फुलोऱ्यातल्या पिकाचे मात्र दाणे भरत नाहीत, म्हणून पेरणी एकदम न करता दर आठवड्याला एक वाफा लावायचा. अंधारात सापडेल तो एखादा वाफा वाया जातो, बाकीचे सावरतात. चंद्रावर उतरलेल्या चीनच्या चांग-अ-४ यानाच्या डब्यातलं कपाशीचं रोप जानेवारी २०१९ मध्ये उगवलं आणि पहिल्याच रात्री गेलं, ते तापवायची सोयच नव्हती म्हणून.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट कबूल. एक षष्ठांश गुरुत्वात मुळांभोवतीचं पाणी खाली निथळायला वेळ लागतो, केशाकर्षण (बारीक फटींत पाणी धरून ठेवणारी ओढ) वरचढ होतं. पृथ्वीवर ज्या माध्यमात मुळं खुशाल राहतात तिथेच ती चंद्रावर गुदमरतील. माध्यमाचे कण जाड ठेवावे लागतील आणि पाणी थांबून थांबून द्यावं लागेल. नेमकं किती जाड, हे तिथे लावल्याशिवाय कळणार नाही. म्हणून तर लवकर सुरू करा म्हणतोय.

नवशिका

पण चंद्राची माती वापरता येत नाही का? २०२२ मध्ये फ्लोरिडात अपोलोच्या मातीत रोपं उगवल्याचं वाचलं होतं.

मुरूम

उगवली, पण रडतखडत. सगळी मिळून १२ ग्रॅम माती होती, अपोलो ११, १२ आणि १७ ची. सगळी बियाणी रुजली, नंतर रोपं खुरटली आणि ताण आल्याच्या खुणा दिसल्या. ती मातीच नव्हे, काचेच्या कणांचा धारदार भुगा आहे. नत्र नाही, सेंद्रिय अंश नाही. शेतीला ती वापरू नका, ऑक्सिजनसाठी वापरा.

आणि तुम्ही दोघंही पाणी गृहीत धरून भांडताय. नासाच्या एलक्रॉस यानाने ऑक्टोबर २००९ मध्ये कॅबिअस विवरात धडक मारली तेव्हा उडालेल्या मातीत वजनाने ५.६ टक्के पाणी मिळालं, त्रुटी अधिक-उणे २.९. हे एका विवरातल्या एका ठिपक्याचं मोजमाप. त्याच ढगात पाण्याच्या तुलनेत १६-१७ टक्के हायड्रोजन सल्फाइड होता, ६ टक्के अमोनिया होता, पाराही दिसला. म्हणजे बर्फ वितळवून चहा टाकला असं होणार नाही.

खोदणं त्याहून अवघड. कायम सावलीतल्या त्या खड्ड्यांत शून्याखाली १६० अंश तर सहज, काही ठिकाणी २००च्याही खाली. वंगण गोठतं, साधं पोलाद काचेसारखं तडकतं. बर्फाने बांधलेली माती काँक्रीटसारखी घट्ट असू शकते, आणि यंत्राचं वजन मात्र एक षष्ठांश. बकेट रुतवायला गेलात की यंत्रच उचललं जाईल. म्हणून दोन टोकांना उलट दिशांनी फिरणारे ड्रम लावतात, म्हणजे एकाचा रेटा दुसऱ्याने फिटतो. मार्च २०२५ मध्ये एक ड्रिल दक्षिण ध्रुवाजवळच्या मॉन्स माउटन डोंगरापाशी पोचलं, पण यान आडवं पडलं आणि ड्रिल जमिनीला लागलंच नाही. भारत-जपानचं चांद्रयान-५ दीड मीटर खोल जायचं म्हणतंय. तोवर बर्फावर वस्तीचा जीव टांगू नये.

खडकात वजनाच्या ४० ते ४५ टक्के ऑक्सिजन आहे, तो कुठेही मिळतो. पण पद्धत जागेप्रमाणे निवडा. इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) हायड्रोजनने तापवून पाणी काढायची रीत पुस्तकांत फार आवडती आहे. इल्मेनाइट सापडतं चंद्रावरच्या ‘सागरांच्या’, म्हणजे सपाट लाव्हामैदानांच्या, काळ्या बेसाल्टमध्ये. ध्रुवावर उंचवट्यांचा पांढुरका खडक, त्यात ते नावापुरतं. तिथे ९५० अंशांवरच्या वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये विद्युत्-अपघटन हा मार्ग. युरोपीय अवकाश संस्था नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत तो करून बघतेय. अख्खा खडक १६०० अंशांवर वितळवायचा मार्गही आहे, पण त्यात ॲनोड (धन इलेक्ट्रोड) खाल्ला जातो.

नवशिका

बरं, माती घरं बांधायला तरी चालेल ना? २०२० मध्ये आयआयएससी (बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था) आणि इस्रोने जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक वापरून विटा केल्या होत्या.

दाबपात्र

प्रयोग सुरेख आहे, पण वीट कशासाठी हवी ते आधी ठरवा.

आत पृथ्वीइतका दाब ठेवला तर भिंतीच्या दर चौ.मी.ला १० टन रेटा बाहेरच्या दिशेने. पृथ्वीवरच्या घराचं छप्पर खाली कोसळू पाहतं, चंद्रावरचं वर उडू पाहतं. वरून तीन मीटर माती टाकली तर तिचं वजन फक्त ८ किलोपास्कल. नुसत्या मातीच्या भाराने १०१ किलोपास्कल (पृथ्वीचा हवादाब) तोलायचे तर ३६ मीटर थर लागेल. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळे हवा धरणारं पात्र ताण सोसणारं हवं: ॲल्युमिनियमचं किंवा फुगवायच्या विणलेल्या कापडाचं, आणि ते पृथ्वीवरूनच यायचं. विटा आणि माती त्याच्या वर, किरणोत्सारासाठी. चांग-अ-४ ने मोजलेला किरणोत्साराचा डोस रोज सुमारे १.४ मिलीसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला ५००. पृथ्वीवर नैसर्गिक सरासरी २.४. दोन-तीन मीटर थर हवाच. अर्धवट पातळ थराचा भरवसा धरू नका, वैश्विक किरण त्यात आपटून न्यूट्रॉन सोडतात.

त्या विटांत जिवाणू युरिया फोडतो, त्याचा कार्बन चुनखडीत अडकतो आणि नत्र अमोनिया होऊन सुटतं. चंद्राच्या मातीत कार्बन आणि नत्र दोन्ही दशलक्षात शंभरेक भाग. आपल्याच मुतातला कार्बन भिंतीत चिणायचा, म्हणजे वाफसा म्हणतात तीच बायोस्फिअरची चूक हौसेने करायची. अमोनिया धरून वाफ्यांना दिला तर अर्धं तरी वाचेल. त्यापेक्षा माती पोत्यांत भरा आणि रचा.

हिशेबनीस, रेडिएटरऐवजी उष्णता जमिनीत मुरवता येईल असं कुणी सुचवायच्या आत सांगतो: येणार नाही. चांद्रयान-३ च्या तापमापीने पृष्ठभागावर ५० अंशांहून जास्त आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० दाखवले. वीतभरही नाही, तेवढ्यात ६० अंशांचा फरक, इतकी ती माती उष्णतारोधक. घरावर पांघरूण म्हणून उत्तम, उष्णता मुरवायला कुचकामी.

गुहावासी

मग लाव्हानळ्यांत (जुन्या लाव्हाने मागे सोडलेल्या लांब गुहांत) का जात नाही? शांतिसागरातल्या खड्ड्याच्या सावलीत १७ अंश स्थिर तापमान आहे, छप्पर फुकट.

दाबपात्र

छप्पर फुकट, वीज महाग. तिथली रात्र ३५४ तासांची. शिवाय शंभर मीटर खोल खड्ड्यात रोज चढउतार करायला पाळणा लागेल. अणुभट्टी आली की बोलू.

हिशेबनीस

@दाबपात्र, दाब ५६ किलोपास्कल आणि ऑक्सिजन ३४ टक्के ठेवला तर? बाहेर पडण्याआधी रक्तातलं नत्र घालवायचा वेळही वाचतो.

दाबपात्र

चालेल, फक्त आगीचं भान ठेवा. ३४ टक्क्यांत सुती कापडही झटकन पेट घेतं. गळतीचं गणित: ४०० घनमीटर घरात सुमारे १७० किलो नायट्रोजन. रोज ०.०५ टक्के गळती धरली तर वर्षाला ३१ किलो. ४ घनमीटरचा हवाकक्ष दर वेळी दहावा हिस्सा हवा बाहेर टाकतो असं धरून २०० फेऱ्यांचे ३४ किलो. शेतीसाठी तेवढंच घर आणखी जोडलं की गळती दुप्पट. आणि ०.०५ हा नव्या रबरी सीलचा आकडा. त्यात धूळ शिरली की तो राहत नाही. अपोलोच्या पोशाखांची सीलं तीन दिवसांत झिजायला लागली होती. पोशाख बाहेरच ठेवून पाठीच्या दारातून त्यात शिरायची सोय नसेल तर शेतीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

वाफसा

६५ काय, १०० किलो नत्र धरलं तरी २.६ टनांपुढे काहीच नाही. आणि मुरूम यांच्या त्या ६ टक्के अमोनियात तेही आहे. माझी मागणी कमी करतो: १६० नको, ४० चौ.मी. द्या. पाच नको. पाचावर कोशिंबीर होते, चक्र मोजता येत नाही. एका माणसाचं पूर्ण अन्न, पूर्ण हवा आणि पूर्ण पेंढा एका बंद खोलीत फिरला तरच कुठे काय अडकतं ते कळेल.

हिशेबनीस

म्हणजे ९ किलोवॉट. खोली वेगळी आणि तिची हवा वेगळी असेल तर विचार करतो, बुरशी आली तर दार लावून मोकळं होता यावं. पण अणुभट्टीच्या ४० किलोवॉटपैकी ते ९ कुणाचे कापायचे? मुरूम यांच्या ऑक्सिजन भट्टीचे?

मुरूम

भट्टीला हात लावू नका. त्यातलं वितळलेलं मीठ, कॅल्शियम क्लोराइड, ७७२ अंशांखाली गोठतं. एकदा गोठलं की इलेक्ट्रोड त्यात अडकून तडकतात, आणि नवे यायला पुढचं यान. दिवे आठ तास बंद ठेवता ना, त्या आठ तासांत मी भट्टीत नवी माती भरून तापवतो. तेवढी वीज वाटून घेऊ. बाकीची रेडिएटरवरची धूळ झाडून मिळवा.