मदत हवी आहे: ५ एचपी सबमर्सिबल, आर फेजला अँपियर जास्त, ओव्हरलोड ट्रिप

बोअरवेलची थ्री फेज मोटर, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा), ओव्हरलोड रिले (अँपियर जास्त झाला की मोटर बंद करणारा) ९.५ अँपियरवर. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ट्रिप. टाँग टेस्टरवर (वायरीभोवती लावून करंट मोजायचा मीटर) तीन फेजचे अँपियर: आर १०.९, वाय ८.६, बी ७.९. स्टार्टरच्या इनकमिंगला आर-वाय ४१४, वाय-बी ३९६, बी-आर ३९८ व्होल्ट. मोटर बंद असतानाही जवळपास एवढाच फरक. म्हणजे बी फेजचा व्होल्टेज पडलाय आणि अँपियर चढतोय आरला. विचित्र वाटेल, पण इंडक्शन मोटरमध्ये असं होतं: व्होल्टेजमध्ये ३ टक्के फरक असला तरी करंटमध्ये २० टक्के दिसतो.

मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या (दिशा तीच राहते). जास्तीचा अँपियर आरवरच राहिला, वायरीबरोबर फिरला नाही. मेगरही (इन्सुलेशनची चाचणी) चांगला. त्यामुळे वाइंडिंगवर (मोटरच्या आतल्या तारांच्या गुंडाळीवर) संशय नाही.

डीपीवर (गावातला ट्रान्सफॉर्मर) बरेच पंप कंडेन्सर लावून दोन फेजवर चालतात. ते तिन्ही फेजवर सारखे वाटून कोणाकडे फरक पडलाय का? की आधी वायरमनकडून डीपीतला बी फेजचा फ्यूज आणि लग (वायरीच्या टोकाचा जोड) तपासून घ्यावेत? रिले ११ वर नेण्याचा सल्ला कृपया नको, वाइंडिंग जळेल.