गरम इंजिन, आयडलिंगला खालून ठकठक: हाफ इंजिन खरंच करावं लागेल का?

परळ_पेट्रोल:
गाडी २०१५ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी, ९२,००० किमी. सकाळी थंड असताना आवाज जवळजवळ नसतो. परळहून सायनपर्यंत ट्रॅफिकमधून गेली की सिग्नलला, ७५० आरपीएमवर, खालून जाड ठकठक सुरू होते. एसी लावला की वाढते, १,५०० पर्यंत रेस केली की गायब. दोन आठवड्यांपूर्वी स्पीडब्रेकरवर ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) आपटला; अंगठा बसेल एवढा पोचा आलाय, गळती नाही. ऑइल ४,००० किमीपूर्वी बदललंय, लेव्हल बरोबर आहे, ऑइलचा दिवा लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) गेलं, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदला. इंजिन खोलण्याआधी काय काय तपासून घेऊ?

कुर्ला_पाना:
इतक्यात खोलू देऊ नका. आधी ठोक्याचा वेग बघा. ७५० आरपीएमला क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला साडेबारा फेरे घेते, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे. टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या भागाचा) आवाज कॅमच्या तालावर येतो: वरून, हलका, टिकटिक असा. बिग एंड क्रँकच्या तालावर ठोकतं. बॉनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, वेव्हफॉर्ममध्ये ठोके मोजता येतात.

मग अल्टरनेटर, एसी फिरवणारा बाहेरचा पट्टा काढून इंजिन चालवा, पण ३०-४० सेकंदच. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. आवाज थांबला तर अल्टरनेटर, टेन्शनर किंवा एसीची पुली.

नाही थांबला तर गाडी पेट्रोलवर घ्या आणि एकेका सिलिंडरच्या कॉइलचा (ठिणगी देणारा) आणि इंजेक्टरचा (पेट्रोल सोडणारा) असे दोन्ही सॉकेट काढा. नुसता कॉइलचा काढलात तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. बिग एंड असेल तर त्या एका सिलिंडरला ठोका स्पष्ट दबतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर स्कॅनरने कोड पुसायचा.

माझगाव_लेथ:
ऑइल प्रेशर मोजल्याशिवाय बेअरिंगचं नाव घेऊच नये. ऑइलचा दिवा प्रेशर फारच पडल्यावर लागतो, त्याच्यावर विसंबू नका. ऑइल प्रेशर स्विच काढा, तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत इंजिन तापवा. मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर ढोबळ हिशेब दर १,००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार.

गरम आयडलिंगला प्रेशर कमी पण रेस केल्यावर नीट चढतं, तर बेअरिंग झिजलंय किंवा ऑइल पातळ आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि ३,००० च्या वर चढायचं थांबतं किंवा पडतं, तर पोच्यामुळे चेंबरचा तळ स्ट्रेनरच्या (पंप ऑइल ओढतो त्या नळीच्या) जाळीला भिडतोय. वेग वाढला की पंपाला पुरेसं ऑइल ओढता येत नाही. तुमच्या पोच्यात मला ही भीती जास्त वाटते. प्रेशर पडलेलं दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

परळ_पेट्रोल:
तिन्ही करून घेतलं. पट्टा काढूनही आवाज तसाच. गरम आयडलिंगला १.१ बार, ३,००० ला ३.४ बार. सॉकेट काढल्यावर मात्र उलटंच झालं: कुठल्याही सिलिंडरचे काढले तरी ठोका *वाढतो*, चारही सिलिंडरला सारखाच. टायमिंग साइडच्या (टायमिंग चेन/बेल्टच्या बाजूच्या) माउंटिंगखाली, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधाराखाली, काळा चिकट ओघळ आहे.

कुर्ला_पाना:
मग ठोका इंजिनात नाहीच. एक सिलिंडर बंद केला की इंजिन जास्त हलतं. चारही वेळा आवाज वाढला म्हणजे ते हलणंच आवाज करतंय. इंजिन माउंटिंग गेलंय. त्या बाजूचं माउंटिंग अनेक गाड्यांत द्रव भरलेलं असतं. रबर फाटलं की तो असा ओघळतो आणि लोखंड लोखंडावर आपटतं. थंड असताना आयडलिंग वर, हजार-बाराशेला असतं, तेव्हा हादरा कमी. तापून ७५० वर उतरलं की हादरा वाढतो, वर एसीचा भार. तुमची सगळी लक्षणं इथे जुळतात.

खात्री करायला गिअरबॉक्सच्या कडेखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा (चेंबरखाली नको) आणि इंजिन जेमतेम ५-१० मिमी उचला. आवाज बदलला की प्रश्न मिटला. मागच्या टॉर्क रॉडचा (इंजिनाचं पुढेमागे हलणं रोखणाऱ्या दांड्याचा) रबरी बुशही बघा, स्पीडब्रेकरच्या दणक्यात तोही फाटतो.

बदलताना एका वेळी एकच माउंटिंग सोडा. नट आधी हातानेच लावा, जॅक काढा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, दोन मिनिटं चालवून बंद करा आणि मगच मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. जॅकवर असतानाच आवळलं तर रबर पिळलेलं राहतं, नवं माउंटिंग घालूनही स्टीअरिंग थरथरतं. सीएसटी रोडच्या किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात घ्याल तर जुनं काढलेलं घेऊ नका. रबर पडून पडूनही कडक होतं.

माझगाव_लेथ:
३.४ बार म्हणजे ऑइल नीट खेचलं जातंय, मनातली भीती गेली. तरी पुढच्या ऑइल चेंजला चेंबर उतरवाच. जाळीच्या तळाला मुलांच्या खेळातल्या मातीच्या दोन गोळ्या लावा, चेंबर सुका, सीलंटशिवाय बसवा, पुन्हा काढा आणि चपटलेली माती कॅलिपरने मोजा. साधारण ६ ते १० मिमी फट हवी. त्याहून कमी आली तर पोचा ठोकून काढा किंवा चेंबर बदला. बसवण्याआधी दोन्ही कडा घासून तेल पुसून काढा आणि सिलिकॉनची सलग ३ मिमीची रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने द्या. ट्यूबवर लिहिलेला वेळ होऊ दे, मगच ऑइल भरा.

आणि गाडी सीएनजीवर आहे, तर टॅपेटच्या फटी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) थंड इंजिनवर तपासून घ्या. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट वाढायच्याऐवजी *मिटत* जाते. म्हणून टॅपेट अगदी शांत झाले तर समाधान मानू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसेनासा होतो आणि जळतो. तेव्हा मात्र हेड खोलावंच लागतं.